इंचभर लांब पंख

परभणी, ११ जानेवारी १९८६

ह्यांनी माझ्या विमानाचा पंख कापला. न विचारता. मधे उभं राहून, तारांना बांधून गोल उडवायचं छोटं मॉडेल विमान ते. तारांकडचा पंख आतल्या लहान वर्तुळात फिरतो, हळू फिरतो, कमी उचलतो. म्हणून मी तो मुद्दाम इंचभर लांब ठेवला होता.

“अगं, एक बाजू लांब झालती. सारखी करून दिली,” हे म्हणाले.

“रिटायर्ड इंजिनिअरांनी पेपर वाचावा.”

“मग सांगायचं ना, लांब का ते.”

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, घरात हा इंच समजावला नाही. मला एकटीलाच कळतं, हे आवडत होतं का? बहुतेक.

उद्याचं उड्डाण गेलं. संध्याकाळी समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. दोन्ही चांगले होते, त्याचाच जास्त राग आला.