कस्तुराचं घरटं

प्रिय महांतेशअण्णा,

तुझा बक्षीस मिळालेला कस्तुराचा फोटो अव्वानं देवाच्या शेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझ्या लेकानं काढलाय." मी त्या भिंतीकडं पाठ करून जेवते.

फोटोखाली तू लिहिलंस, 'दुर्मीळ क्षणाची वाट पाहताना'. कसली वाट पाहिलीस रे? वाट मी पाहते. चिंचोळीच्या जंगलात वॉचर म्हणून लागून मला चार वर्षं झाली. हे कस्तुर पाखरू मी रोज बघते, मैनेपेक्षा जरा लहान. डोकं आणि पोट पिकल्या संत्र्याच्या रंगाचं, पाठ निळसर राखी, पांढऱ्या गालावर दोन काळ्या रेघा. ओढ्याकाठच्या गर्द सावलीत उतरतो, पाचोळा उलथून गांडुळं काढतो आणि जरा चाहूल लागली की जागीच थिजतो. गातो मात्र पहाटे, दुसऱ्या पाखरांच्या नकलाही मधे मिसळून.

जूनमध्ये त्याचं घरटं सापडलं तेव्हा पहिला फोन तुलाच केला. मेंढरांमागं हिंडताना पाखरांची नावं मला तूच शिकवली होतीस ना! तू आलास, दोन मित्रांना घेऊन. उजेड पडत नाही म्हणून घरट्यावरच्या फांद्या मोडायला लागलास. मी म्हटलं, "अण्णा, कामून तोडायलास? ऊन लागंल अंड्यांना." तू हसलास. "दोन मिनिटं गं, काही होत न्हाई."

मग मोबाइल झुडपात ठेवून त्यावर नराचं गाणं लावलंस. दुसरा नर आपल्या जागेत घुसला असं वाटून तो सकाळभर त्या झुडपावर झेपा घेत राहिला. मादी लांब बसून ओरडत होती, अंड्यांकडं फिरकली नाही. तुमची दोन मिनिटं तीन तास चालली! संध्याकाळी त्या उघड्या पडलेल्या घरट्यात अंडी खाणारा टकाचोर पक्षी बसलेला मी पाहिला. तिन्ही अंडी गेली. फोनवर सांगितलं तर तू काय म्हणालास? "घालतील की पुन्हा."

काल तुझा निरोप आला, श्रावणात दहा जणांना आणतो, दुसरं घरटं शोधून ठेव म्हणून.

आज मी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन सगळं लिहून दिलं. फांद्या मोडणाऱ्याचं नाव लिहिलं, घरटं दाखवणारीचंही. माझं काम कदाचित जाईल. तुला नोटीस येईल. ती हातात पडण्याआधी माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. साहेबांनी दोनदा विचारलं, "सख्खा भाऊ ना तुझा?" "व्हय," म्हटलं, आणि सही केली.

तुझीच,
नागरत्ना