पलीकडचा पंखा

श्यामसुंदरराव,

तुमचा समेटाचा निरोप मिळाला. पक्ष फुटल्यावर कसब्यातल्या कार्यालयात आपण मधोमध प्लायवूड ठोकलं. वर्षभरात तुमचा गट पांगला आणि तुम्ही किल्ली माझ्याकडे टाकून वारज्याला राहायला गेलात. माझ्या कार्यकर्त्यांना हे अजून ठाऊक नाही. कळलं तर एकही फिरकणार नाही. तुमच्या नावानं बोटं मोडायलाच तर येतात ते! म्हणून बैठकीआधी मी गुपचूप पलीकडे जाऊन पंखा लावतो. तो घरघरला की सगळे एकमेकांना बजावतात, "हळू बोला, पलीकडे ऐकताहेत."

आज मी गेलो नव्हतो. किल्ली खिशातच होती. तरी पंखा घरघरला, खुर्च्या सरकल्या आणि पलीकडून कुणीतरी कुजबुजलं, "हळू बोला, पलीकडे ऐकताहेत."

हे पत्र पेटीत टाकत नाही. समेट आपण दोघं करू हो. पण तुमच्या या माणसांना ते सांगायला पलीकडे जाणार कोण?

आपला विरोधक,
अरविंद