आत्याबाईंच्या नकाराचा पुरावा

बीरगांव, रायपूर

तीर्थरूप विजया आत्याबाईंना मंजिरीचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? आतोबांची साखर ताब्यात आहे ना? आम्ही सगळे मजेत आहोत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन बाबांच्या खुर्चीशेजारी आहे आणि विषय न्यायप्रविष्ट आहे.

आमच्या कॉलेजात मूट कोर्ट नावाचा प्रकार असतो. खटला खोटा, पक्षकार खोटे, न्यायाधीश मात्र खरे (निवृत्त) आणि घामही खरा. जिंकणारा संघ नागपूरच्या मोठ्या फेरीला जातो. रायपूर राजधानी झाल्यापासून इथल्या तेलीबांध्याला तळं कमी आणि वकिलांच्या पाट्याच जास्त दिसतात. त्या गर्दीत गरिबांची बाजू मांडणारी एक पाटी माझी असावी, हे घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीचं स्वप्न तुम्हाला ठाऊकच आहे. यंदाचा खटला वस्तीवर काजळी सोडणाऱ्या कारखान्यावरचा, आणि चिठ्ठीत माझ्या वाट्याला बाजू आली ती कारखान्याची. म्हणजे जी मुलगी रोज वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी झटकते, तिनेच उभं राहून सांगायचं की काजळी सिद्ध झालेली नाही. सरावासाठी मी आईला न्यायाधीश केलं. तिने दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि कारखान्याच्या मालकाला आमच्या घरी येऊन धुणं धुण्याची शिक्षा दिली. (अपिलाची सोय नव्हती.) कोर्टात 'मला वाटतं' म्हणायचं नसतं, 'नम्र निवेदन आहे' म्हणायचं असतं, त्यामुळे बाबा कामावरून आले की भाजी संपल्याचं मी त्यांना नम्र निवेदन करत असे.

मूटचा सगळ्यात कडक नियम असा, की आपलं नाव, गाव, कॉलेज न्यायाधीशांना कळू द्यायचं नाही. संघाला फक्त क्रमांक. ओळखीने न्याय होऊ नये, म्हणून. हा नियम मला इतका आवडला, की माझा संघातला जोडीदार नील (मराठी समजतं, उत्तर हिंदीत देतो) तो ऐकून ऐकून कंटाळला.

स्पर्धेच्या दिवशी सुरुवात छान झाली. मधल्या खुर्चीवर यज्ञेश्वरराव नावाचे निवृत्त न्यायाधीश होते. कागद द्यायला पुढे येण्याची परवानगी मी रीतसर मागितली, कागद ठेवले, आणि पांढरे केस दिसताच हात आपोआप खाली गेले. मी पाया पडले. एकाच्याच कसं पडायचं, म्हणून बाकी दोघांच्याही पडले. यज्ञेश्वररावांचं तोंडही सवयीनेच उघडलं असावं. "सुखी राहा. कोणाची वं तू?"

आता आत्याबाई, वडीलधाऱ्यांनी असं विचारल्यावर गप्प बसायला आपल्याकडे कोणी शिकवलंय का? मी बाबांचं नाव सांगितलं, बीरगांव सांगितलं, मूळ गाव आर्वी सांगितलं, तरी चेहऱ्यावर ओळख उमटेना म्हणून नागपूरच्या विजया आत्याबाई सांगितल्या. (ओळख पटेपर्यंत थांबायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकले.) मागून नील "दीदी, बस, दीदी" करत होता. तुमचं नाव ऐकताच त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, त्या अजूनही समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीत का?

मी म्हणाले, "मायलॉर्ड, हा प्रश्न या खटल्याच्या कक्षेबाहेर आहे."

डावीकडच्या न्यायाधीश बाईंना ठसका लागला. त्यानंतर मी अशी काही बोलले, की कारखाना निर्दोष सुटला. घरी येऊन वाळलेले कपडे झटकताना माझी मलाच लाज वाटली.

ओळख सांगितल्याचे गुण कापूनही आम्ही पहिले आलो. पण हरलेल्या संघाने हरकत घेतली की न्यायाधीश मुलीच्या घरच्यांच्या ओळखीचे आहेत. यज्ञेश्वररावांनी सरळ सांगून टाकलं: तरुणपणी आर्वीला मुलगी पाहायला गेलो होतो, मुलीने नकार दिला, ओळख एवढीच. स्पर्धेचं काम पाहणाऱ्या कौमुदी मॅडम म्हणाल्या की यात मर्जी कसली, असलाच तर राग असेल. पण एकाच्या शब्दावर भागणार नाही, दुसरी साक्ष हवी. ती नसेल तर नागपूरला दुसरा संघ जाईल. मी बाबांना आडून आडून विचारलं. ते इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "हव, आलता ना. चहा बी नाही पेला बिचारा. अक्का त्याले प्रश्नच विचारून राहिली होती." मग एकदम थांबून, "तुले काहून पाहिजे?" (बाबा तेव्हा लहान होते आणि दाराआड उभे होते. त्यांची साक्ष ऐकीव ठरते.)

बाकी सर्व ठीक. काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, तुमची आठवण आली, इतकंच. आतोबांना नमस्कार.

तुमची लाडकी,
मंजिरी

ता. क. साध्या कागदावर सहीनिशी लिहून पाठवा की नकार तुम्हीच दिला, आणि का दिला. शनिवारच्या आत. खरं तेच लिहा. साक्षीदाराला पढवणं मला तत्त्वतः मान्य नाही. पण खरं जर अपमानास्पद असेल, तर हात आखडू नका. नील म्हणतो, "कम से कम आधा पेज." आतोबांनी विचारलं तर न्यायप्रविष्ट म्हणा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तोच नील धावत आला. नागपूरच्या फेरीचे न्यायाधीश जाहीर झाले. यज्ञेश्वरराव तिथेही आहेत. नकार तसाच ठेवा, आत्याबाई, पण कारण जरा चांगलं द्या. पत्रिका जुळली नाही म्हणा.