गेमला खाडा नाही

१ मार्च २००९, रविवार
सौमित्र अमेरिकेला गेला. कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलाय. विमानतळावर बाकीच्यांचे आईबाप रडत होते. मी रडलो नाही. डोळ्यांत एसीचा वारा गेला होता.

घरी येऊन त्याच्या खोलीत डोकावलो. कॉम्प्युटर तसाच टेबलावर. त्यात तो गेम. तलवारी, किल्ले, टोळ्या. सत्तावीस वर्षांचा घोडा रोज लुटुपुटूच्या लढाया करायचा आणि त्याचे दरमहा पैसे भरायचा. कॅरम एकदा घेतला की घेतला. कॅरमवाला दर महिन्याला दारात येऊन हात पसरत नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं होतं. त्याच्या कानाला हेडफोन होता.

३ मार्च
सुहासिनीकडून कळलं, गेमचं सबस्क्रिप्शन चालूच आहे. कार्डातून आपोआप पैसे जातात. म्हणजे गेम इथे टेबलावर, मुलगा अमेरिकेत, आणि मीटर चालू! आपण गावाला गेलो तर दूधवाला खाडा कापून देतो. पेपरवाला देतो. खानावळवालासुद्धा देतो. मागे सौमित्रला विचारलं होतं, दर गुरुवारी लाइट जातात त्याचा खाडा ही कंपनी देते का? तो म्हणाला, बाबा, तो काय रतीब आहे का? आणि हसला. शिकलेली माणसं अशीच हसत हसत लुबाडली जातात.

४ मार्च
रात्री झोप नाही. पैसे भरलेली वस्तू पडून आहे.
निर्णय घेतला. खेळायचं नाही. फक्त वसूल करायचं. महिना संपला की त्याला बंद करायला लावायचं.
सुहासिनी म्हणाली, अहो, त्यापेक्षा सकाळी टेकडीवर जा, डॉक्टरांनी शुगरसाठी सांगितलंय. टेकडी फुकट आहे, ती पडून राहिली तरी नुकसान नाही, असं तिला सांगितलं.

६ मार्च, सकाळी ६
गेम उघडला. पासवर्डही विचारला नाही, दार सताड उघडं. सौमित्रचा माणूस चांदीच्या चिलखतात, केस खांद्यापर्यंत. मिशी नाही.
घोडा तळ्यात गेला. बाहेर काढता काढता चहा निवला. तळं भिकार आहे. नको तिथे ठेवलंय.

८ मार्च, रविवार
सौमित्रचा फोन. काय बाबा, बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे. तो हं म्हणाला. मीही हं म्हणालो. मग म्हणाला, आईला द्या. सुहासिनी पुष्कळ वेळ बोलली. तिकडे भेंडी मिळते.
मला फोनवर बडबडायची सवय नाहीच. आणि भेंडीबद्दल मला काही विचारायचंही नव्हतं.

११ मार्च
सौमित्र एका टोळीचा प्रमुख आहे. टोळीत सगळी आपलीच मुलं, अमेरिकेत नोकरीला असलेली. मराठी बोलतात, लिहितात इंग्रजी अक्षरांत. बाणांचं, औषधांचं सामायिक कोठार आहे आणि किल्ली आपल्याकडे. आत जाऊन पाहिलं तर बाणांमध्ये भाकऱ्या, औषधांत घोड्याचे नाल. इंजिनिअर म्हणे! मी सातवी पास, पण भोसरीच्या कारखान्यात उभा जन्म स्टोअर्स सांभाळलं. सगळं खण लावून ठेवलं. गेमला काडीची किंमत नाही, पण घाण बघवत नाही.

१४ मार्च
टोळीतला अभिनव नावाचा मुलगा बाण मागायला आला. एका बोटाने टाइप करून विचारलं, मागचे परत केलेस का? त्याने लिहिलं, भाऊ, आजपण टाकून आलायस का?
बाण दिले नाहीत. टोळी लढाई हरली. त्याला मी जबाबदार नाही. स्टोअर्स लढत नसतं.
'आजपण' म्हणजे काय? सौमित्र पितो? दिवसभर जेवण गेलं नाही. सुहासिनीला सांगावं तर कुठून कळलं म्हणून विचारेल.

१७ मार्च
एक नवीनच भानगड. खेळता खेळता मला बाहेर फेकतात. स्क्रीनवर येतं, दुसऱ्या ठिकाणाहून कोणीतरी शिरलंय. चोर! मी परत आत शिरलो. त्याने मला काढलं. मी त्याला काढलं. सकाळभर हेच. लेकाच्या वस्तूवर डोळा ठेवणारा हा कोण टिकोजीराव? मी हटलो नाही. शेवटी तोच दमला.

१८ मार्च, बुधवार
सौमित्रचा फोन. बुधवारी! आणि चक्क मला मागितलं.
या आठवड्यापासून तो तिकडे ऑफिसातून आल्यावर लॅपटॉपवर हाच गेम खेळतो म्हणे. मला वाटत होतं गेम आपल्या कॉम्प्युटरच्या पेटीत आहे. मला कोणी सांगायला नको? पुढे म्हणाला, कोणीतरी त्याच्या खात्यात घुसतो, त्याला हाकलतो आणि मित्रांना बाण देत नाही. मित्रांनी त्याचं प्रमुखपद काढून अभिनवला दिलं. आवाज रडवेला होता. पासवर्ड बदललाय म्हणाला. बाबा, घरच्या कॉम्प्युटरला कोणी हात लावत नाही ना? म्हटलं, मी त्या खोलीत पंखासुद्धा लावत नाही. तो म्हणाला, कोणीतरी अत्यंत चिक्कट, डोक्यावर पडलेला माणूस आहे. म्हटलं, लोकांना कामधंदे नसतात रे.
मग किल्ला कसा बांधला, घोडा कसा मिळवला, सगळं सांगत बसला. मला माहीत होतं, तरी विचारत गेलो. शेवटी म्हणाला, बाबा, आज पहिल्यांदाच तुम्ही याबद्दल विचारलंत.
केवढा वेळ बोलला. आयएसडीचं बिल काय येईल त्याला कळतं का?

१९ मार्च
गेम आता पासवर्ड मागतो. सुटलो. उद्यापासून टेकडी.

२२ मार्च, रविवार
फोन. बरं आहे ना, बरं आहे. मी आपणहून विचारलं, गेम काय म्हणतोय? म्हणाला, ठीक चाललंय बाबा, आईला द्या. तिकडे कोथिंबीरही मिळते.

२७ मार्च, गुढीपाडवा
संकल्प: टेकडी.
टेकडीच्या रस्त्यावर नेट कॅफे लागतो. तो मी तिथे बांधलेला नाही. चालवणारी श्रद्धा म्हणाली, काका, या गेमचं कार्ड? नातवाला का? म्हटलं, तपासणीसाठी. कार्ड महिन्याचंच मिळतं, त्यामुळे नाइलाज झाला. तिनेच नवीन खातं उघडून दिलं. वय काय टाकू म्हणाली. सव्वीस सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि टाकलं. नाव दिलं उत्तरेश्वर. कारखान्यातला आमचा हमाल. बिचारा आता नाही, हरकत घेणार नाही.

३० मार्च
टोळीत घ्या म्हणून अर्ज केला. आधीच्या चोरीमुळे जरा हुज्जत घातली, पण घेतलं. अभिनवने लिहिलं, नवीन पोरांना सौमित्र शिकवतो, सध्या त्याला तेवढंच काम आहे.
सौमित्रने लिहिलं, टेन्शन नको घेऊ मित्रा. पहिली गोष्ट, घोडा तळ्यापासून लांब ठेव.

६ एप्रिल
रोज सकाळी तासभर शिकवतो. चिडत नाही. मी त्याला सायकल शिकवताना चिडायचो. आज विचारलं, पितोस का रे? म्हणाला, कधीतरी बिअर, तू कशाला एवढी काळजी करतोस? लढाईत मी लगेच मेलो. मुद्दाम नव्हे.

१२ एप्रिल, रविवार
फोन. काय बाबा, बरं आहे ना? बरं आहे. सुहासिनीला दिला. तिने स्पीकर लावला. खुर्चीत बसून होतो, कान काही बंद करता येत नाहीत. तो तिला सांगत होता, उत्तरेश्वर नावाचा एक मुलगा आलाय, मठ्ठ आहे, काही म्हणजे काही जमत नाही त्याला. पण त्याच्याशी बोलत बसतो मी. घरी त्याच्याशी कोणी बोलत नसावं.
फोन ठेवून सुहासिनी म्हणाली, अहो, तुमच्या त्या उत्तरेश्वरला सांगा, शुगर वाढलीय, टेकडीवर जा म्हणावं.
मी या नावाच्या कोणालाही ओळखत नाही, असं तिला ठणकावून सांगितलं.
गेम भिकार आहे. पाच आठवडे जवळून पाहून लिहितो आहे. पुढच्या महिन्याचं कार्ड श्रद्धाकडे बाजूला ठेवायला सांगितलं. रविवारी सौमित्र खेळायला येत नाही, घरी फोन करायचा असतो म्हणे. म्हणजे महिन्याचे सगळे रविवार फुकट. त्यांचा तरी खाडा कंपनीने द्यायला हवा.