मोगऱ्यावरचं लुगडं

देवपूर, धुळे

चि. रत्नास आशीर्वाद.

आई गेल्याचं कळवायला फार उशीर केला पोरी, राग धरू नको. तुझा पत्ता कुणी देत नाही, तरी लिहून ठेवतो.

यंदा थंडी कडक आहे. घर सोडण्याआधी तू लावलेल्या मोगऱ्यावर रोज संध्याकाळी आईचं लुगडं पांघरतो. शेजारच्या वच्छलाबाई हसल्या, "आबा, झाडले लुगडं नेसाडं का?" हसू दे.

आई हिवाळ्यात त्याचं पाणी तोडायची, मग उन्हाळ्यात फुलायचा. मीही तोडलं. आता सगळी पानं गळाली. झोपलाय की मेलाय, कळत नाही. पाणी पुन्हा कधी द्यायचं, हे तिला विचारायचं राहिलं. तुला ठाऊक असेल.

जावयांना माझा रामराम सांग, आणि लवकर कळव.

तुझे आबा