अर्धी खाट

धुळे, मंगळवार

सौ. सुंदर,
तुला आणि पोरांना आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज ऐकला की तू रडतेस, म्हणून पत्र लिहितोय.

ताप उतरलाय. या सरकारी दवाखान्यात खाटा कमी, आजारी फार, म्हणून एका खाटेवर दोघं. माझ्यासोबत सोनगीरचे भिका नाना होते; त्यांचं डोकं तिकडे, माझं इकडे. झोपेत त्यांना माझा पाय लागला की मी लगेच हात लावून नमस्कार करायचो. "ऱ्हाऊ दे भाऊ, खाट दोन्हीसनी शे," म्हणायचे.

म्हैस व्याली का?

रविवारी नाना गेले. डॉक्टर एकच, ते दुसऱ्या वॉर्डात होते.

आता पूर्ण खाट माझी एकट्याची आहे, तेव्हा काळजी करू नको. झोपतो मात्र अजून अर्ध्याच खाटेवर, पाय आखडून.

तुझा,
रुपचंद