उजव्या कानातले ठोके

दादा,

हेही पत्र मी फाडणारच आहे, म्हणून मोकळं लिहिते.

माझ्या उजव्या कानात माझंच काळीज धडधडतं. नवरा म्हणाला, "तू मनाला फार लावून घेतेस." शेवटी डॉक्टरबाईंनी कानात पाहिलं, तर पडद्यामागे नाडीबरोबर उडणारी लालभडक गाठ. तिला ग्लोमस म्हणतात. तुकडा काढून तपासायचीही सोय नाही, रक्त थांबत नाही. ती कानामागून गळ्याकडे उतरणाऱ्या नसांना चिकटलीय, कापली तर आवाज जाऊ शकतो. किरणांनी वाढ थांबेल, ठोके थांबतीलच असं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"ही वडिलांकडून येऊ शकते," त्या म्हणाल्या. "भावालाही तपासून घ्यायला सांगा."

आठवतं? जेवताना आपण चिडीचूप, तरी बाबा कानावर तळहात आपटून ओरडायचे, "बंद करा तो आवाज!" त्या ओरडण्यापायीच तू घर सोडलंस.

परवा हेच सांगायला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत तू मुलींवर खेकसलास, "बंद करा तो आवाज!" मागून धाकटी हळूच म्हणाली, "बाबा, आम्ही काहीच करत नाहीये."

मी काही न सांगताच फोन ठेवला. तू बाबांसारखा आहेस, हे वाक्य तू मला जन्मात माफ करणार नाहीस. आणि तेवढं एक सोडून दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तुझीच,
चिमी